तीस मिनिटांनंतरचा उंदीर

कोपरा धरायला सांगितला म्हणून तिने धरला, एवढंच. नाहीतर संशोधन केंद्राच्या त्या लांबलचक बोळातून जाताना भिंतीवरची भित्तिपत्रकं मान वर करून वाचायची तिला कधी हौस नव्हती. पण शिपाई एकटाच होता, कागद माणसाएवढा उंच, वरचे दोन कोपरे चिकटवून झाले होते आणि खालची कड सारखी गुंडाळून वर येत होती. "बाई, जरा खाली धरता का?" तो म्हणाला, आणि ती हातमोज्यांचं खोकं बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसली. वर मोठ्या निळ्या अक्षरांत सदतीस नंबरच्या नव्या औषधाचं कौतुक होतं, आलेख होते, डॉक्टरांचं नाव होतं. ते सगळं तिच्या डोक्यावरून गेलं, म्हणजे खरोखरच डोक्याच्या वर होतं. तिच्या नाकासमोर आली ती सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ. 'निरीक्षकाच्या थकव्यामुळे सहा प्राण्यांच्या नोंदी वगळल्या आहेत.' तिने ती एकदा वाचली. मग बोट ठेवून वाचली. शिपायाने चिकटपट्टी दाताने तोडली, कोपरा चिकटवला, "झालं, सोडा आता," म्हणाला, तरी तिचा हात तिथून निघेना.

निरीक्षक म्हणजे ती. दुसरं कोणी नव्हतंच. बावीस वर्षं या इमारतीत उंदरांच्या माना मोजायचं काम ती करत होती, आणि इथली तरुण मंडळी आपल्याला पाठीमागे मोजणीबाई म्हणतात हेही तिला पक्कं ठाऊक होतं. काम ऐकायला हसू येण्यासारखं, करायला डोळे फोडणारं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं, त्या जागांना हे लोक रिसेप्टर म्हणतात. जागा अनेक जातींच्या. एका जातीच्या जागेवर औषध बसलं की खचलेलं मन सावरतं, असा यांचा अंदाज. दुसऱ्या एका जातीच्या जागेला धक्का लागला की माणसाला नाही नाही ते दिसायला लागतं, आणि उंदराची मान झटक्याने हलते. उंदीर काय दिसलं ते सांगू शकत नाही, म्हणून त्याची मान मोजायची. सदतीस नंबर पहिल्या जागेवर बरोबर बसतं आणि दुसऱ्या जागेला शिवतही नाही, असा डॉक्टरांचा दावा होता. काचेच्या पेटीत एक पांढरा उंदीर, मुठीत अंगठ्याने दाबायचा काउंटर, आणि तीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून बसायचं. पापणी लवते तेवढ्यात झटका होऊन जातो. उंदीर तोंड पुसतो तेव्हाही मान हलते, पण त्यात पंजे वर येतात. खऱ्या झटक्यात पंजे जमिनीवरच राहतात आणि कान आधी थरथरतात. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तिने बघून बघून शोधलं होतं. आणि हे डॉक्टर विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा तिच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले, तेव्हा त्यांना पहिले आठ दिवस तोंड पुसणं आणि झटका यातला फरक कळत नव्हता. 'अरे, मान काय बघतोस, कान बघ,' असं तिने किती वेळा सांगितलं असेल याची मोजणी मात्र तिने ठेवली नव्हती.

थकवा. खोकं उचलून ती चालायला लागली आणि तो शब्द तिच्याबरोबर चालायला लागला. चूक लिहिली असती तर एक वेळ सोसलं असतं. चुका होतात, चूक दाखवता येते, खोडता येते, तिच्यावर भांडता येतं. थकव्याशी कसं भांडणार? मी थकले नव्हते म्हणून आवाज चढवला की बघा, चिडचिड होतेय, म्हणजे थकलीच. तिला आठवलं, ती नऊ वर्षांची होती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. श्वास रोखून, एका दमात आडवी रेघ ओढायचे, आणि ती समोर पायरीवर बसून बघायची. एके दिवशी तिला दिसलं की रेघ सरळ जातेय पण बाबांची मान हलतेय, अगदी बारीक, कोणाला तरी सारखं नाही नाही म्हणावं तशी. तिने मोजलं. शंभर आकडे होईपर्यंत सतरा वेळा. जेवताना तिने ते सांगून टाकलं. आईचा वाढता हात थांबला. "तुझे डोळे दमलेत," आई म्हणाली. "अंधारात वाचू नको म्हटलं तर ऐकत नाहीस." बाबा हसले. फक्त ताई, तेव्हा तेरा वर्षांची, ताटातून मान वर न काढता म्हणाली, "तिने पाहिलं ना? मग हलत असणार." त्याबद्दल ताईला पाठीत एक धपाटा मिळाला. बाबांच्या हातातून ब्रश निसटायला लागला तो त्यानंतर दोन वर्षांनी, आणि मग रोगाचं नाव कळलं, आणि मोठ्या दवाखान्यातला माणूस म्हणाला की आधी आला असता तर बरं झालं असतं. आई त्या दिवशी तिच्याकडे बघत नव्हती. तुझं खरं होतं, हे तीन शब्द घरात कोणीही, कधीही उच्चारले नाहीत. चाळीस वर्षं होऊन गेली, पण आत्ता या बोळात, औषधी फिनेलच्या वासात, तिला ते तीन शब्द हवे होते, आणि आई जिवंत असती तर तिने ते मागून घेतले असते.

ती थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, ते संगणकावर काहीतरी लिहीत होते.

"डॉक्टर, मी कधी थकले होते?"

"अं? या ना बाई, बसा."

"नको. बसले की थकले म्हणाल."

त्यांना हसू आलं, मग तिचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "अच्छा, ते होय. अहो, ती लिहायची पद्धत आहे. सगळे तसंच लिहितात. सहा उंदरांच्या बाबतीत पेटीवरचा कॅमेरा म्हणतो एक झटका, दोन झटके. तुमच्या तक्त्यात पंधरा, अठरा. एवढी तफावत आली की काहीतरी कारण द्यावं लागतं. तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"निरीक्षक या इमारतीत दुसरं कोण आहे?"

"तुम्ही फार मनाला लावून घेताय."

"बावीस वर्षं आहे मी इथे, मला एकदा विचारायचंत तरी. वीस पावलांवर बसते मी. भिंतीला सांगितलंत, मला नाही."

ती तरातरा जाऊन आपली वही घेऊन आली. टेबलावर आपटली आणि पानं उलटायला लागली, आणि उलटता उलटताच ती वेळांच्या रकान्यावर अडली. तिला सगळं कळलं. तीस मिनिटं झाली की कॅमेरा आपोआप बंद होतो. पण ती उठत नसे. शांत झालेल्या उंदराला लगेच उचललं तर तो बिथरतो, चावतो, म्हणून ती आणखी वीस-पंचवीस मिनिटं त्याला तसाच राहू द्यायची, शेजारी बसून राहायची. आणि हातात काउंटर असला की तिचा अंगठा बसून राहत नसे. हे जास्तीचे आकडे ती नेहमी समासात लिहायची, आणि ते परत कोणी वाचत नसे, तीसुद्धा. हे सहा उंदीर मोजले त्या दोन दिवसांत तक्ते नवीन छापून आले होते, त्यांना समासच नव्हता, आणि तिने सगळे झटके एकाच रकान्यात लिहून टाकले होते. वहीत वेळा होत्या. पहिली तीस मिनिटं: एक, शून्य, दोन. चाळिसाव्या मिनिटापासून पुढे: चौदा, अठरा, सोळा. कॅमेऱ्याचंही खरं होतं आणि तिचंही. तिने ते सांगितलं, आपली चूक कुठे झाली तेही बोट ठेवून दाखवलं, कारण चूक लपवायची तिला सवय नव्हती.

डॉक्टरांनी वही स्वतःकडे ओढली आणि वेळांवरून बोट फिरवलं. त्यांना कळलंय हे तिला त्यांच्या मानेवरून दिसलं. औषध शरीरात जाऊन मोडतं, मोडून त्याचं दुसरंच काहीतरी तयार होतं, आणि ते दुसरं जाऊन नको त्या जागेवर बसतं. एवढं समजायला त्यांना तिची गरज नव्हती. मग ते म्हणाले, "नियम तीस मिनिटांचा आहे, बाई. त्यानंतरचं मोजत नाहीत."

"का? तीस मिनिटांनंतर उंदीर उंदीर राहत नाही का?"

"हे बघा. चूक तुमचीच आहे, तुम्हीच म्हणालात. तीस मिनिटांनंतरचे झटके खोडल्याचा, नोंद दुरुस्तीचा एक कागद भरून द्या, एक सही करा. मी तो थकव्याचा शब्द काढून टाकतो, झालं? पुढच्या महिन्यात बारा जणांना औषध सुरू होतंय. आता या वेळी..." ते थांबले, आणि मग आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "त्या बारा जणांत तुमच्या ताई आहेत. त्यांचं नाव मी स्वतः घातलंय, तुम्ही सांगितलंत म्हणून."

खरं होतं ते. तिनेच जाऊन गळ घातली होती. आयुष्यात कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं हे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्या आगीची अर्धी धग तिच्या स्वतःवर होती, आणि ती तो कोरा कागद घेऊन बाहेर पडली.

घरी ताई पलंगाच्या कडेला बसली होती. सकाळी ती तिथेच बसली होती, काल तिथेच बसली होती. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई, फळ्यावर एका हाताने नद्या काढत दुसऱ्या हाताने मागच्या बाकावरच्यांना दटावणारी, तिला आता वेणी घालायला अर्धा तास लागायचा. सहा वर्षांत पाच औषधं झाली होती. एकाने झोप आणली, एकाने ती घालवली, बाकीच्यांनी काहीच केलं नाही. फक्त जीभ तेवढी शाबूत होती, आणि ती जीभ जिवंत आहे म्हणूनच हिला वाटायचं की आत कुठेतरी ताई आहे. निवड झाली त्या दिवशी दोघी केंद्रात गेल्या होत्या. बारा खुर्च्या मांडल्या होत्या. एक गृहस्थ घरून स्वतःची उशी घेऊन आले होते. एका मुलीचे केस ओले होते, तिने ते पुसलेच नव्हते आणि पाठीवरचा कपडा भिजत चालला होता. सगळ्यांना एक कागद वाचून दाखवला. 'प्राण्यांवरील चाचण्यांत भास दर्शवणारी कोणतीही हालचाल आढळलेली नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. ताईने सुद्धा केली, आणि सही करून झाल्यावर तिच्याकडे बघून अभिमानाने म्हणाली होती, "हिने मोजलंय ते." त्या वेळी ती शेजारी उभी होती, आणि तिला बरं वाटलं होतं! आठवून तिला आता आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या औषधाने भास होऊ शकतील."

"किती?"

"किती म्हणजे?"

"तू मोजलं असशीलच ना."

"पंचवीस मिनिटांत अठरा. उंदराला."

ताईने त्याच्यावर विचार केला. हल्ली तिचा विचार बाहेरून दिसायचा, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, एकेक पायरी. "काय दिसत असेल गं त्याला?"

"मला काय माहीत! कदाचित भयंकर काहीतरी."

"दिसतंय तरी. मला सहा वर्षांत ही भिंत सोडून काही दिसलेलं नाही. भिंत, आणि तू. आणि खरं सांगू का, हल्ली तुमच्या दोघींत फारसा फरक नाही." ती हसली नाही, पण हे विनोद म्हणूनच बोलली होती. मग हिच्या हातातला कागद तिने पाहिला. "सही हवीये का त्यांना? करून टाक की. माझी मान हलली तर हलू दे. काहीतरी हलेल तरी."

तिने ओट्याशी जाऊन पाण्याचं भांडं त्यावर आदळलं. पाणी सांडलं, ते पुसलंही नाही. संताप कोणावर काढायचा हेच कळेना. डॉक्टरांवर, त्यांच्या मऊ आवाजावर, त्या कॅमेऱ्यावर, तीस मिनिटं ठरवणाऱ्या कुठल्याशा शहाण्यावर, पाच औषधांवर, मेलेल्या आईवर. आणि ताईवर. सगळ्यात जास्त ताईवर, कारण जगात एकच माणूस होतं ज्याने तिच्या डोळ्यांवर न मागता विश्वास ठेवला होता, आणि तेच माणूस आज म्हणत होतं की पाहिलं असलंस तरी चालेल, खोड. एखाद्याला इतकं खाली आणून ठेवायचं की त्याने भासांसाठी हात पसरावेत, आणि मग म्हणायचं, बघा, त्यांची संमती आहे. तिने कागद टेबलावर ठेवला, पेन काढलं, टोपण काढलं. सही करायची तिची इच्छा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. ताईची पाठ बघून तिला सही करावीशी वाटली. पेनचं टोक कागदापासून चार बोटांवर राहिलं, आणि तिला सारखी ती ओल्या केसांची मुलगी दिसत राहिली. शेवटी तिने टोपण परत लावलं. "उद्या बघू," ती ताईला म्हणाली, आणि भिजलेला ओटा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सांगितलं की सही करते, पण एका अटीवर. एक उंदीर, सदतीस नंबर, पंचावन्न मिनिटं, आणि शेजारच्या स्टुलावर तुम्ही, तुमच्या हातात काउंटर. मोजणीच्या तक्त्यावर दुसऱ्या निरीक्षकाची जागा असते, ती वर्षानुवर्षं रिकामी जात होती. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल, म्हातारीची समजूत निघतेय तर निघू दे. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने सुई दिली आणि दोघं शेजारी शेजारी बसले. किती वर्षांनी! स्टूल त्यांना आता पुरत नव्हता. उंदीर पेटीत फिरला, कोपरे हुंगले, तोंड पुसलं, बसला. वीस मिनिटं. तीस. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला आणि डॉक्टरांनी उठल्यासारखं केलं. तिने पेटीवरून नजर काढली नाही, आणि ते परत टेकले. एकेचाळिसाव्या मिनिटाला उंदराचे कान थरथरले आणि मान झटकली गेली. पंजे जमिनीवर. टिक, तिचा काउंटर वाजला. एकच वाजला. ती दचकली नाही, पण त्यानंतर तिने आपली नजर जरा सैल सोडली, अशी की पेटीही दिसावी आणि शेजारच्या मांडीवरचा हातही. उंदीर झटकला, टिक, आणि शेजारचा अंगठा किंचित वर उचलला गेला, पेरावर पांढरा झाला, आणि दाबल्याशिवाय खाली टेकला. परत झटका. परत तो अंगठा. शिकवलेला हात होता तो. डोक्याने कितीही बजावलं तरी त्याला शिकवलेलं विसरता येत नव्हतं. तिला राग यायला हवा होता, आणि आला, असा आला की कानशिलं तापली, पण ती बघत राहिली.

पंचावन्न मिनिटं झाली.

"माझे चौदा," ती म्हणाली. "तुमचे?"

त्यांनी काउंटर तिच्याकडे वळवला. "शून्य."

तिने तक्ता पुढे ओढला. शाईने, नेहमीच्या ठसठशीत अक्षरांत, वेळेसकट चौदा झटके लिहिले. मग खाली, दुसऱ्या निरीक्षकाच्या रकान्यात, लिहायला लागली. त्यांनी वाकून वाचलं. 'काउंटर: शून्य. अंगठ्याची न दाबलेली हालचाल: नऊ.' आणि पुढे नऊ वेळा, मिनिटांसकट, तिच्या चौदापैकी नऊ.

"हे काय लिहिलंत?"

"पाहिलं ते."

"असं कोणी लिहितं का बाई?"

"खोडायचं तर खोड," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून अरेतुरे आलं, आणि तिने ते मागे घेतलं नाही. "पद्धत तुला माहीत आहे. एक आडवी रेघ, शेजारी कारण, त्याखाली सही."

त्यांनी पेन हातात घेतलं. रेघेच्या जागी टोक नेलं. मग कारणाच्या रकान्याकडे नेलं, आणि तिथे ते अडलं. पेटीत उंदराने आणखी एकदा मान झटकली. दोघांनीही पाहिलं, कोणाचाच काउंटर वाजला नाही. खोलीत हवा खेचणाऱ्या पंख्याची घरघर चालू होती. डॉक्टरांचा चेहरा तिला एका बाजूने दिसत होता आणि त्यात कुठेतरी तो आठ दिवस चुकत राहिलेला पोरगा होता, पण त्याची तिला अजिबात दया आली नाही. शेवटी त्यांनी काही खोडलं नाही. खाली, दुसऱ्या निरीक्षकाच्या जागी सही केली, तारीख घातली, आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"सगळं थांबवावं लागेल," ते म्हणाले. "बारा जणांना कळवावं लागेल. ताईंनासुद्धा."

तिने उंदराला लगेच उचललं नाही. पेटीवरचं झाकण नीट बसवलं, वही मिटली, आणि तिच्या डोळ्यांसमोर पलंगाच्या कडेला बसलेली ती पाठ आली.

"ताईला मी सांगते," ती म्हणाली. "बाकीच्या अकरा जणांना तू सांग. फोनवर नाही. समोर बसून, एकेकाकडे बघून."